चोरीच्या गाडीने ठोकलेल्या टेम्पोची भरपाई कोण देणार?

प्रति,
मा. श्री. नितीन गडकरी,
केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
नवी दिल्ली

माननीय गडकरी साहेब,



रस्त्याच्या कडेला रीतसर लावलेल्या गाडीवर चोरीची गाडी येऊन आदळली आणि चोर पळून गेला, तर मोडलेल्या गाडीची भरपाई कोणी द्यायची? या साध्या प्रश्नाला आपल्या कायद्यात आज सरळ उत्तर नाही. मी पुण्यात मोटार विम्याची कामे करतो. रिक्षावाले, टेम्पोवाले, दुचाकीवरून माल पोचवणारी मुले, सोसायटीत एखादी जुनी गाडी जपून ठेवणारे निवृत्त लोक, असे माझे ग्राहक. हप्ता भरताना त्यांचा एकच प्रश्न असतो, ‘काही झालं तर पैसे मिळतील ना?’ बहुतेक वेळा मला हो म्हणता येते. चोरीच्या गाडीने ठोकले तर मात्र म्हणता येत नाही. थर्ड पार्टी विम्याचे दर आपल्या मंत्रालयाच्या अधिसूचनेने ठरतात आणि मोटार वाहन कायदाही आपल्याच मंत्रालयाकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

एक उदाहरण सांगतो. हडपसर भागातला एक भाजीवाला. त्याचा छोटा हत्ती आहे. रात्री गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लावायचा आणि पहाटे मार्केट यार्डात जाऊन माल भरायचा, हा त्याचा रोजचा क्रम. एका रात्री भरधाव आलेली एक मोटार मागून टेम्पोवर आदळली. मोटार चालवणारा दार उघडे टाकून अंधारात पळाला. आवाजाने लोक बाहेर आले तेव्हा टेम्पोचा मागचा फाळका आत दबला होता, हौद्याची एक बाजू फाटली होती आणि मागचे एक चाक तिरके झाले होते. गॅरेजमध्ये नेल्यावर कळले की चेसीसही वाकली आहे. बॉडीवाल्याने हौदा खाली उतरवून चेसीस सरळ करावी लागेल असे सांगितले. म्हणजे टेम्पो काही आठवडे उभाच. टेम्पो उभा म्हणजे धंदा बंद.

पोलिसांनी मोटारीच्या क्रमांकावरून मालकाचा शोध घेतला. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरात झोपलेला होता. गाडी चोरीला गेल्याचे त्याला सकाळी कळले आणि त्याने तिथल्या ठाण्यात फिर्याद दिली. चोर सापडला नाही.

मोटारीच्या मालकाकडे फुल इन्शुरन्स होता. कंपनीचा सर्व्हेअर आला, त्याने फोटो काढले, चेसीस नंबर टिपून घेतला, गॅरेजचे एस्टिमेट तपासले. मोटारीच्या दुरुस्तीचा दावा मंजूर झाला, कारण चोरी आणि चोरीत झालेले नुकसान त्या पॉलिसीत धरलेले असते. ते योग्यच झाले, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच मोटारीने मोडलेल्या टेम्पोबद्दल त्याच कंपनीला पत्र पाठवले, तेव्हा एका पानाचे उत्तर आले. अपघाताच्या वेळी गाडी विमाधारक किंवा त्याच्या परवानगीने दुसरा कोणी चालवत नव्हता, म्हणून कंपनीवर कोणतीही जबाबदारी येत नाही, असा त्याचा अर्थ होता. एकच पॉलिसी, एकच रात्र, एकच धडक. जी गाडी ठोकली तिला पैसे मिळाले आणि जिला ठोकले तिला मिळाले नाहीत.

आता हे असे का होते ते पाहू. कारण दोष त्या कंपनीच्या एखाद्या अधिकाऱ्याच्या वागण्यात नाही, तो पॉलिसीच्या बांधणीत आहे. मोटार पॉलिसीचा पहिला भाग मालकाच्या स्वतःच्या गाडीसाठी असतो. आग, चोरी, पूर, दंगल, अपघात, सगळे त्यात येते. दुसरा भाग तिऱ्हाइतासाठी, ज्याला आपण थर्ड पार्टी म्हणतो. या दुसऱ्या भागात कंपनी म्हणते की विमाधारक कायद्याने जी भरपाई देणे लागेल ती आम्ही भरू. विमाधारकाच्या सांगण्यावरून किंवा परवानगीने गाडी चालवणाऱ्यालाही हे संरक्षण आहे. चोराने परवानगी घेतलेली नसते. आणि चोर हा मालकाचा नोकरही नाही, त्यामुळे चोराच्या कृत्याचे देणे मालकावर येत नाही, असा युक्तिवाद होतो. मालकावर देणे नाही, म्हणून कंपनीवर देणे नाही. कराराच्या भाषेत ही साखळी कुठे तुटत नाही. फक्त तिच्या शेवटी जो उभा असतो, त्याने या करारावर सहीच केलेली नसते आणि नुकसान सगळे त्याचे झालेले असते.

भाजीवाल्याने कायद्याला काय दिले तेही पाहा. जून २०२२ पासूनच्या दरपत्रकाप्रमाणे साडेसात हजार किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा थर्ड पार्टी हप्ता वर्षाला १६,०४९ रुपये आहे, वर जीएसटी. हजार ते पंधराशे सीसीच्या खाजगी मोटारीचा ३,४१६ रुपये. हा भाजीवाला दरवर्षी सोळा हजारांवर रक्कम दुसऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी भरतो. स्वतःच्या टेम्पोचा विमा उतरवायला त्याच्याकडे त्यानंतर पैसे उरत नाहीत. माझ्याकडच्या जुन्या मालवाहू गाड्यांचे बहुतेक मालक याच कारणाने थर्ड पार्टीवर थांबतात. कायदा सांगतो तेवढे ते करतात. त्यांच्यावर वेळ आली की हाच कायदा त्यांना चोराला शोधायला सांगतो.

साहेब, चोरीच्या प्रकरणांत आणखी एक गुंता आहे आणि तो बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. मालकाने किल्ली गाडीला तशीच ठेवली, इंजिन चालू ठेवून तो पानाच्या टपरीवर गेला आणि तेवढ्यात गाडी पळवली गेली, तर मालकाचा हलगर्जीपणा दाखवून त्याच्यावर जबाबदारी टाकण्याची संधी तिऱ्हाइताला मिळते. मालकावर जबाबदारी आली की कंपनीवरही येते. पण हाच मालक स्वतःच्या चोरीच्या दाव्यासाठी कंपनीकडे जातो, तेव्हा कंपनी त्याच्याकडे दोन्ही मूळ किल्ल्या मागते आणि गाडी नीट बंद केली होती का ते विचारते. गाडीची वाजवी काळजी घेणे ही पॉलिसीचीच अट आहे. किल्ली गाडीला होती हे कबूल केले तर त्याचा स्वतःचा दावा धोक्यात येतो. मग तो काय सांगणार? गाडी लॉक होती, हेच सांगणार, आणि अनेकदा ते खरेही असते. त्याच्या या एका वाक्याने रस्त्यावरच्या तिऱ्हाइताचा दावा कोसळतो. म्हणजे मालक जितका सावध, तितका ठोकलेल्या गाडीवाल्याचा हक्क कमी. सक्तीचा विमा ज्या हेतूने आणला त्याच्याशी हे कुठेही जुळत नाही.

तो हेतू सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वी स्पष्ट केला आहे. १९८७ चा स्कँडिया इन्शुरन्स विरुद्ध कोकिलाबेन चंद्रवदन हा निकाल गुजरातमधल्या एका ट्रकबद्दल होता. ट्रकचालक इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानात खाण्याचे आणायला गेला. मागे राहिलेल्या क्लीनरने ट्रक हलवला आणि अपघात झाला. क्लीनरकडे परवाना नव्हता, त्याला चालवायला कोणी सांगितले नव्हते. तरीही न्यायालयाने कंपनीला जबाबदार धरले आणि सांगितले की विम्याची सक्ती विमा कंपन्यांचा धंदा वाढावा म्हणून झालेली नाही, रस्त्यावरच्या लोकांचे रक्षण व्हावे म्हणून झाली आहे. पुढे २००४ मध्ये नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वर्णसिंह या निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने, मालकाने अट जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणे मोडली हे सिद्ध करण्याचा भार कंपनीवर टाकला. अट मोडलेली असली तरी आधी तिऱ्हाइताला पैसे द्या आणि मग ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याकडून वसूल करा, या वाटेलाही त्या निकालाने बळ दिले. वकील मंडळी तिला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात.

विनापरवाना चालकाच्या, बनावट परवान्याच्या प्रकरणांत ही वाट आता चांगली रुळली आहे. चोराच्या प्रकरणात ती कधी उघडते, कधी बंद होते. काही निकालांत कंपनीने पैसे द्यावेत आणि चोराकडून वसूल करावेत असे म्हटले गेले. काहींत मालक सुटला म्हणून कंपनीही सुटली. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तर वकील ही लढाई लढतात, कारण रक्कम मोठी असते आणि न्यायाधीशांसमोर एक कुटुंब उभे असते. तुटलेल्या फाळक्यासाठी आणि वाकलेल्या चेसीससाठी कोणी उच्च न्यायालयात जात नाही. म्हणून मालमत्तेच्या नुकसानीचा हा प्रश्न वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो.

कायद्याने दार अगदीच बंद केलेले नाही, हे मी मान्य करतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ प्रमाणे मोडलेल्या मालमत्तेचा मालकही मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो, आणि तोही आपण राहतो त्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात. पण भाजीवाल्याने पहाटे यार्डात उभे राहायचे, दुपारी माल विकायचा आणि तारखेला शिवाजीनगरच्या कोर्टातही हजर राहायचे, तेही साठ-सत्तर हजारांच्या बिलासाठी, जिथे समोरची कंपनी पहिल्याच लेखी जबाबात ‘चालक चोर होता’ एवढे लिहून मोकळी होते. ग्राहक आयोगात तो जाऊ शकत नाही, कारण तो त्या कंपनीचा ग्राहक नाही. विमा लोकपालाकडेही त्याच कारणाने नाही. चोर सापडला आणि शिक्षा झाली, तर फौजदारी न्यायालय त्याला भरपाई द्यायला सांगू शकते. ज्याच्या खिशात काही नाही त्याच्यावर असा आदेश झाला तरी त्यातून फाळका दुरुस्त होत नाही.

ज्याच्याकडे स्वतःचा फुल इन्शुरन्स आहे त्याला आपल्या कंपनीकडून पैसे मिळतात, हे खरे. पण किती? समजा साडेचार वर्षांची एक छोटी मोटार सोसायटीच्या फाटकाबाहेर उभी आहे आणि तिला मागून ठोकर बसली. समजायला सोपे आकडे घेतो. बंपर ८,००० रुपये, मागचे दोन दिवे ६,०००, डिकीचे दार १६,०००, मागची काच ५,०००, मजुरी १०,०००. एकूण ४५,०००. रंगकाम तूर्त बाजूला ठेवू. प्लॅस्टिकच्या भागांवर पन्नास टक्के घसारा, म्हणून बंपर आणि दिव्यांचे मिळून सातच हजार. पत्र्यावर चार ते पाच वर्षांच्या गाडीला पस्तीस टक्के घसारा, म्हणून डिकीचे १०,४००. काच आणि मजुरी पूर्ण. झाले ३२,४००. त्यातून सक्तीची वजावट हजार रुपये गेली की हातात ३१,४०० येतात. उरलेले १३,६०० मालकाचे. घसारा न कापणारा झिरो डेप घेतलेला असेल तर यातले बरेच वाचतात, पण जुन्या गाडीला तो प्रत्येक कंपनी देत नाही.

शिवाय एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनस, जातो. मालक पाच वर्षे एकही क्लेम न करता पन्नास टक्के सवलतीपर्यंत पोचलेला असतो. हा क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य, मग वीस, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस आणि तेव्हा कुठे पुन्हा पन्नास. गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता आठ हजार धरला आणि तो तसाच राहिला असे मानले, तर या पाच वर्षांत त्याचे दहा हजार रुपये सवलतीत बुडतात. चूक कोणाची? गाडी उभी होती, मालक घरात होता आणि पोलीस पंचनाम्यात धडक देणारी गाडी चोरीची असल्याची नोंद आहे. तरीही बोनसचा नियम दोष कोणाचा हे पाहत नाही, क्लेम घेतला एवढेच पाहतो. सोसायटीतल्या एका आजोबांनी हे गणित ऐकून क्लेमच केला नाही, पेन्शनमधून बिल भरले. आयुष्यभर नियमाने हप्ता भरणाऱ्या माणसाला विमा असूनही खिशात हात घालावा लागतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मालमत्तेच्या भरपाईवरच्या सहा हजारांच्या मर्यादेबद्दलही लिहिलेच पाहिजे. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात तिऱ्हाइताच्या मालमत्तेसाठी दोन हजारांची मर्यादा होती, १९८२ च्या दुरुस्तीने ती सहा हजार झाली आणि १९८८ च्या कायद्याने हा आकडा तसाच उचलला. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १४७ नव्याने लिहिले गेले. खाजगी मोटारीच्या नेहमीच्या पॉलिसीत आज ही जबाबदारी साडेसात लाखांपर्यंत असते आणि दुचाकीला एक लाखापर्यंत. पण ती सहा हजारांवर आणून हप्त्यात मोटारीला शंभर आणि दुचाकीला पन्नास रुपये वाचवायचा पर्याय अर्जांत मागे राहिला आहे. ऑनलाइन पॉलिसी काढताना हप्ता कमी दिसावा म्हणून लोक त्या पर्यायावर खूण करून टाकतात आणि आपण काय सोडले हे त्यांना कोणी सांगत नाही. शंभर रुपये वाचतात, आणि समोरच्याचे साडेसात लाखांचे संरक्षण सहा हजारांवर येते. आज सहा हजारांत टेम्पोचे दोन चांगले टायर येणे कठीण आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी ती खूण काढायला लावतो, पण हे एका एजंटाच्या आग्रहावर राहू नये. तो पर्यायच बंद व्हावा.

पुण्याच्या माणसाला या विषयावर लिहिताना २५ जानेवारी २०१२ ची सकाळ आठवल्याशिवाय राहत नाही. स्वारगेट आगारात उभी असलेली एसटी एका चालकाने परवानगीवाचून पळवली आणि शहराच्या रस्त्यांवर बेफाम चालवली. नऊ माणसे गेली, कित्येक जखमी झाले. त्या माणसांचे दुःख पहिले, त्यापुढे गाड्यांचे काय, असे कोणी म्हटले तर मी मान खाली घालून ऐकेन. पण त्या सकाळी रस्त्यावर चिरडलेल्या डझनावारी रिक्षा, स्कूटर आणि मोटारी होत्या, आणि त्यातली एकेक रिक्षा म्हणजे एका घराची रोजची मिळकत होती. मालकाच्या नकळत पळवलेले वाहन किती नुकसान करू शकते हे पुण्याने त्या दिवशी पाहिले. त्यानंतर कायद्यात मोठी दुरुस्ती झाली ती २०१९ मध्ये, आपल्याच कारकिर्दीत. तिच्यातही चोरलेल्या वाहनाचा प्रश्न सुटलेला नाही.

त्या दुरुस्तीने चांगलेही पुष्कळ केले, हे मी माझ्या ग्राहकांच्या अनुभवावरून सांगतो. ठोकून पळालेल्या अनोळखी वाहनाने जीव घेतला तर वारसांना मिळणारी रक्कम १ एप्रिल २०२२ पासून पंचवीस हजारांवरून दोन लाख झाली आणि गंभीर दुखापतीला साडेबारा हजारांऐवजी पन्नास हजार मिळू लागले. कलम १६४ ख प्रमाणे मोटार वाहन अपघात निधी उभा राहिला. २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी दीड लाखांपर्यंत विनारोकड उपचारांची योजना आली. पण यातल्या एकाही ठिकाणी मोडलेल्या गाडीचा उल्लेख नाही. टेम्पो हे त्या भाजीवाल्याचे हातपाय आहेत. हातापायांना इजा झाली तर निधी आहे, टेम्पोला झाली तर नाही.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना हे वाचून नवल वाटेल. तिथल्या १९८८ च्या रस्ता वाहतूक कायद्याच्या कलम १५१ प्रमाणे गाडी चोराने चालवली असली तरी न्यायालयाने ठरवलेली भरपाई त्या गाडीच्या विमा कंपनीला द्यावी लागते. अपवाद आहे तो गाडी चोरीची आहे हे माहीत असून तिच्यात बसलेल्या माणसाचा. आणि विमा नसलेल्या किंवा न सापडलेल्या वाहनांच्या बळींसाठी विमा कंपन्यांनीच पैसे घालून चालवलेली मोटर इन्शुरर्स ब्युरो ही संस्था तिथे १९४६ पासून आहे. योगायोग असा की आपला मोटार वाहन कायदाही १९८८ चाच. तिथे नुकसान कोणाचे झाले हे आधी पाहतात आणि गाडी कोण चालवत होता हा हिशेब कंपनी नंतर करते.

कंपन्यांचे आक्षेप मला माहीत आहेत, ते रोज कानावर पडतात. स्वतः ठोकून पळालेला मालक सकाळी गाडी चोरीला गेल्याची फिर्याद देतो, असे बनाव होतात हे खरे आहे. पण बनाव केला तर तो मालकाने केला. त्याची झळ टेम्पोवाल्याला का? कंपनीने आधी टेम्पोवाल्याला द्यावे, मग तपास करावा आणि बनाव सिद्ध झाला तर मालकाकडून व्याजासह वसूल करावे. मोबाईलचे लोकेशन, सीसीटीव्ही, ११२ क्रमांकावर केलेल्या फोनची वेळ, ही तपासाची साधने कंपनीच्या आणि पोलिसांच्या हातात आहेत, टेम्पोवाल्याच्या नाहीत. हप्ता वाढेल हा दुसरा आक्षेप. चोरीच्या गाड्यांनी केलेल्या मालमत्तेच्या नुकसानीचा भार लाखो पॉलिसींवर पसरला तर एकेकाच्या वाट्याला फारसे येणार नाही, आणि थोडे वाढले तरी ते भरायला मी माझ्या ग्राहकांना आनंदाने सांगेन. आज तो सगळा भार एकटा माणूस उचलतो.

म्हणून माझी मागणी अशी आहे. सक्तीचा विमा असलेले वाहन चोराने किंवा परवानगीवाचून दुसऱ्या कोणी चालवले असले तरी तिऱ्हाइताच्या जिवाची, शरीराची आणि मालमत्तेची भरपाई त्या वाहनाच्या विमा कंपनीने द्यावी आणि ती चालवणाऱ्याकडून वसूल करावी, असे कलम १४७ आणि १५० मध्ये स्वच्छ शब्दांत यावे. निर्दोष मालकाकडून वसुली होऊ नये, हेही तिथेच लिहिले जावे. चोरलेल्या वाहनाला विमाच नसेल, किंवा त्याची नंबरप्लेट बनावट निघाली आणि वाहनाचा माग लागला नाही, तर अपघात निधीतून मालमत्तेसाठीही ठरावीक मर्यादेपर्यंत रक्कम मिळावी. मर्यादा लहान असली तरी चालेल. पन्नास हजार मिळाले तरी भाजीवाल्याचा टेम्पो पुन्हा यार्डात उभा राहतो. विमा नियामकालाही आपण दोन गोष्टी सुचवाव्यात. दोष दुसऱ्याचा आहे अशी पोलिसांची नोंद असेल तिथे एनसीबी कापला जाऊ नये. आणि फक्त थर्ड पार्टी घेणाऱ्यांना, चोरीच्या, विमा नसलेल्या किंवा अनोळखी वाहनाने केलेल्या नुकसानीपुरते स्वस्त जोडसंरक्षण विकत घेता यावे. रस्त्यावरची जवळपास निम्मी वाहने विम्याविना धावतात ही चिंता संसदेतही मांडली गेली आहे. अशा देशात हे संरक्षण टेम्पोवाल्याला, रिक्षावाल्याला आधी हवे.

हे पत्र उघडे आहे, म्हणून कायदा बदलेपर्यंत वाचकांनी काय करावे तेही इथेच लिहितो. आपल्या उभ्या गाडीला ठोकर बसली आणि ठोकणारा पळाला, तर दोन्ही गाड्या जागेवरून हलण्याआधी फोटो काढा आणि त्यात नंबरप्लेटी येऊ द्या. ११२ ला फोन करा म्हणजे वेळेची नोंद राहते. समोरच्या गाडीची चोरीची फिर्याद दुसऱ्या ठाण्यात असली तरी आपल्या नुकसानीची वेगळी फिर्याद आपल्या ठाण्यात द्या आणि घटनास्थळाच्या पंचनाम्यात आपल्या गाडीचे कोणते भाग मोडले ते एकेक करून लिहून घ्या. ‘मोटारीने टेम्पोस धडक दिली’ एवढ्या एका ओळीवर सोडू नका. जवळच्या दुकानाचे किंवा सोसायटीचे सीसीटीव्ही चित्रण त्याच दिवशी मागा, ते काही दिवसांत पुसले जाते. धडक देणाऱ्या गाडीचा विमा चालू आहे का ते एम-परिवहनवर तिच्या क्रमांकावरून पाहता येते. त्या कंपनीला लेखी पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा आणि नकार आला तर तोही लेखीच घ्या. न्यायाधिकरणात जायचे असेल तर अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करा. स्वतःचा फुल इन्शुरन्स असेल तर आपल्या कंपनीला लगेच कळवा, क्लेम घ्यायचा की नाही ते नंतर ठरवता येते. आणि पुढच्या नूतनीकरणाला आपल्या पॉलिसीत मालमत्तेची जबाबदारी सहा हजारांवर आणलेली नाही ना, ते स्वतः वाचून पाहा.

गडकरी साहेब, थर्ड पार्टीच्या नव्या दरांचा मसुदा आपले मंत्रालय प्रसिद्ध करते आणि त्यावर हरकती व सूचना मागवते. पुढच्या मसुद्यावर मी या सगळ्या मागण्या लेखी पाठवणार आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक वाहनमालकाने त्या आपल्या शब्दांत पाठवाव्यात अशी माझी विनंती आहे. आपण त्या सूचनांची नुसती पोच न देता कायदा दुरुस्तीचा प्रस्ताव संसदेपुढे आणावा.

आपला नम्र,
एक मोटार विमा प्रतिनिधी, पुणे